मे महिन्यातली वाळू

गाडी आत येते तेव्हा मी आधी तिच्या मागच्या चाकांकडे पाहतो. समोरून गाडीला चेहरा असतो, आणि चेहऱ्याकडे सरळ पाहणे मला लहानपणापासून जमलेले नाही. शिवाय पुढच्या चाकांचे दुखणे लगेच कळते. स्टिअरिंग थरथरते, गाडी एका अंगाला ओढते, मालक तक्रार घेऊन येतो. मागची चाके काही सांगत नाहीत. ती नुसती मागून येतात, नेतील तिकडे, आणि आतल्या बाजूने, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी झिजत राहतात. टायरवरून तळवा आडवा फिरवला तरच ते कळते. बाहेरची कड जाड असते, नव्यासारखी. मधला भागही ठीक असतो. आणि बोटे आतल्या कडेला पोचतात तेव्हा तिथले रबर गुळगुळीत झालेले असते, साबणाच्या उरलेल्या चिपेसारखे.

माझे नाव वेस्ली. गॉर्डी लेपिस्तो, ज्याच्या गॅरेजमध्ये मी चाकांच्या अलाइनमेंटचे काम करतो, तो मला वेस म्हणतो. बाकीचे मला सहसा काहीच म्हणत नाहीत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या दिवशी मे महिना अर्धा सरला होता. गॅरेजच्या मागे रस्ते मोकळे करणाऱ्या नांगराने लोटून ठेवलेल्या बर्फाचा शेवटचा ढीग उरला होता, काळपट, खडीने माखलेला, हिवाळा आपली टोपी विसरून गेल्यासारखा. सकाळची वेळ होती. मी एका ट्रकचे तेल बदलत होतो, आणि उघड्या दारातून मुम्मूची निळी स्टेशन वॅगन आत आली.

मुम्मू म्हणजे आमच्या फिनिश लोकांत आजी. लेम्पी ओयालाबाईंना मात्र अख्खे गावच मुम्मू म्हणते, कारण आमच्यापैकी प्रत्येकाला त्यांनी शाळेच्या जेवणघरात वाढले आहे. जेवणाच्या रांगेत मुलांची ढकलाढकली चालायची. त्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा मी उपाशी राहायचो. हे त्यांच्या कधी लक्षात आले मला ठाऊक नाही. पण एके दिवशी स्वयंपाकघराच्या बाजूची छोटी खिडकी उघडली आणि माझे ताट तिथे आले. पुढे शाळा संपेपर्यंत ते तिथेच येत राहिले. त्यांनी कधी विचारले नाही, का रे बाबा. म्हणूनच मी दरवेळी तिथे गेलो.

आज गाडी त्या चालवत नव्हत्या. चालकाच्या जागी त्यांची मुलगी होती, जोलीन, ग्रीन बे शहराहून आलेली, तिथे तिचे फुलांचे दुकान आहे. गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा सवयीने माझी नजर मागे गेली. वॅगनची पाठ खाली बसली होती. दोन्ही मागची चाके वरच्या अंगाने आत झुकली होती आणि खाली फाकली होती, ओझ्याखाली पाय पसरून उभ्या राहिलेल्या वासरासारखी. मी पुढे व्हायला निघालो, तेवढ्यात गॉर्डी हात पुसत आला.

"राहू दे वेस, ही माझी गाडी आहे. तू तुझं तेल उरक."

मुम्मूच्या गाडीला तो कोणालाच हात लावू देत नाही. मुम्मूचे यजमान आर्व्हो ओयाला यांनी त्याला गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून मासे धरायला शिकवले होते. आर्व्हो गेल्याला आता तिसरे वर्ष सुरू होते.

"काय मुम्मू," गॉर्डीने दार उघडून धरले, "परत टायर खाल्लेस म्हणे. लोक मांसाची पॅस्टी खातात, तू टायर खातेस."

"तुझ्याकडचेच आहेत ते," मुम्मू उतरत म्हणाल्या. "चव नाही मेल्यांना."

"गॉर्डी, मला थट्टा नकोय," जोलीन म्हणाली. तिचे डोळे झोप न झाल्यासारखे दिसत होते. "वर्षात टायरची ही दुसरी जोडी. दोनदा तू अलाइनमेंट केलीस. आणि ईस्टरच्या आठवड्यात ही मिस्करीच्या वळणावर खड्ड्यात गेली."

"खड्ड्यात नाही. गवतात."

"गवत खड्ड्यात होतं, आई."

"पण होतं ना गवत."

गॉर्डीने हसू आवरले. जोलीनला मात्र हसू आले नाही. ती गॉर्डीला बाजूला घेऊन बोलली, पण आमच्या गॅरेजला पत्र्याचे छप्पर आहे. तिथे बाजूला घेऊन बोललेले सगळ्यांनाच ऐकू येते.

"मला एवढंच सांग. गाडीत दोष आहे का? असेल तर दुरुस्त कर, कितीही काम असो. पण गाडी नीट असेल तर याचा अर्थ आई फुटपाथच्या कडांवर चाकं आदळतेय. तिला कडा दिसत नाहीयेत. वळणं कळत नाहीयेत. मग मला किल्ली काढून घ्यावी लागेल. मला तिला पुढच्या खेपेला गवतात शोधायचं नाहीये."

"आणि किल्ली गेली की मी ग्रीन बेला," मुम्मू तिकडून म्हणाल्या. ऐकू न येण्याचे सोंग त्यांना कधीच आले नाही. "सातव्या मजल्यावर. तिथेही वाफेने न्हायचा सौना आहे हो! तळघरात, विजेवरचा. त्याला वेळापत्रक लावलंय भिंतीवर. मंगळवारी बायका."

 मुम्मूचे घर सरोवराकाठच्या रस्त्याच्या अगदी शेवटी आहे. त्या रस्त्यावर बस येत नाही, शेजारी म्हणावा असा एक डेनिस, तोही हिवाळ्यात बर्फाचा नांगर घेऊन दिवसदिवस बाहेर. गाडी नसली की ते घर नुसते नकाशावर उरते. आणि त्या घराशिवाय मुम्मू कुठे उरल्या असत्या हे मला डोळ्यांसमोर आणता येईना. त्या बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून, डॉक्टरांकडे आपला नंबर यायची वाट पाहतात तशा.

मला ट्रक बाहेर नेऊन लावायचा होता, त्याच्या मालकाला फोन करायचा होता. फोनवर बोलायचे म्हणजे मला आधी वाक्ये मनात जुळवून घ्यावी लागतात. ते सगळे उरकून मी परत आलो तोवर वॅगन रॅम्पवर चढली होती. चारही चाकांना चकाकत्या पाट्या लावलेल्या होत्या, समोरचे कॅमेरे त्या पाट्यांकडे टक लावून होते, आणि गॉर्डी पडद्यासमोर उभा होता.

पडद्यावर प्रत्येक चाकाचा एक आकडा येतो. चाक किती झुकले आहे, किती तिरके वळले आहे. आकडा हद्दीबाहेर असला की लाल, हद्दीत असला की हिरवा.

सगळे हिरवे होते.

"बघ," गॉर्डी हळू आवाजात म्हणाला. "मागचीही. मी तीनदा ढकलून बघितली. काही वाकलेलं नाही, काही सैल नाही."

जोलीन आनंदली नाही. मला वाटले होते तिचे म्हणणे खरे ठरल्यावर तिचा चेहरा मोकळा होईल. ती आईशेजारी बाकावर बसली.

"मला वाटलं होतं तुला काहीतरी सापडेल," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं गं."

मुम्मूंनी पर्स उघडली, बंद केली. "असू दे," त्या म्हणाल्या. "सातव्या मजल्यावरून सूर्यास्त दिसत असेल." मग जरा थांबून, "पार्किंगच्या मागे."

मी भिंतीशी उभा होतो. माझ्या तोंडात दोन नट होते. हात मोकळे नसले की मी नट ओठांत धरतो आणि मग काढायचे विसरतो. मघाशी आत शिरताना ज्या चाकांना मी पाय फाकून उभे राहिलेले पाहिले होते, ती आता रॅम्पवर ताठ उभी होती. दोन्ही वेळा मी शुद्धीवर होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग मधल्या वेळात गाडीचे काय झाले?

माझ्या पायाला काहीतरी लागले. भिंतीशी ताडपत्रीखाली पिशव्यांची चळत होती. मी ताडपत्री उचलली. वाळू.

आमच्याकडे वाळूच्या पिशव्या पाहून कोणी दचकत नाही. ऑक्टोबर आला की लोक गाडीच्या मागच्या भागात वाळू भरतात. बर्फावर गाडीची पाठ घसरू नये म्हणून, आणि कुठे रुतलीच तर चाकाखाली टाकायला म्हणून. पूर्वी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या होत्या तेव्हा त्याचा उपयोगही होता. आता बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, मागच्या वजनाने पुढचा भाग उलट हलका होतो, पकड सुटते. पण आजोबा भरत होते, बाप भरत होता, म्हणून आपण भरतो. हिवाळ्यात आमच्याकडे आलेल्या प्रत्येक गाडीत वाळू असते. अलाइनमेंटच्या आधी गाडी रिकामी करायची हा कामाचा नियम आहे, म्हणून ती काढायची, आणि काम झाले की माणसाचे सामान जसे होते तसे परत ठेवायचे. ही रीत गॉर्डीने मला पहिल्याच दिवशी शिकवली होती. दोन्ही वेळा मुम्मू त्याच्याकडे हिवाळ्यात आल्या होत्या. दोन्ही वेळा त्याने पिशव्या काढल्या असतील, हिरवे आकडे मिळवले असतील, आणि पिशव्या एकेक करून काळजीपूर्वक परत आत ठेवल्या असतील. कोणाला त्यात काही वावगे दिसण्याचे कारणच नव्हते.

पण आता मे महिना होता, आणि या पिशव्या आज वॅगनमधूनच निघाल्या होत्या.

मी पिशवीवर हात ठेवला. आतली वाळू थंड होती, ओलसर, गेल्या हिवाळ्याचा गारवा अजून धरून ठेवलेली. वरच्या पिशव्या दुकानातल्या प्लास्टिकच्या. खालच्या मात्र जाड कॅनव्हासच्या, हाताने शिवलेल्या, जाळ्याच्या सुतळीने तोंड बांधलेल्या.

"काय रे वेस," गॉर्डी म्हणाला, "तोंडात नट धरून काय उभा राहिलास? बोलायचंय का काही?"

मी नट हातात घेतले. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला वाक्य जुळवायला वेळ मिळाला नाही, म्हणून ते जसे होते तसेच बाहेर आले.

"ती रिकामी चालतच नाही."

"कोण?"

"गाडी. तुम्ही ती रिकामी करून मोजता. पण ती रिकामी रस्त्यावर जातच नाही. ती... हे सगळं घेऊन जाते." मी पिशव्यांकडे बोट केले. "आत येताना मी चाकं पाहिली. आत झुकली होती. आता सरळ आहेत. हे परत ठेवून मोजूया."

"अरे पण भरल्या गाडीचं माप घेत नाहीत..." गॉर्डीने सुरुवात केली आणि वाक्य मध्येच सोडले. त्याने पिशव्यांकडे पाहिले, मग दारातून बाहेर, त्या वितळणाऱ्या ढिगाकडे. "सैतान," तो स्वतःशी पुटपुटला. "मे महिना आहे."

आम्ही वाळू परत भरू लागलो. जोलीनही उठली, तिने अंगातला कोट काढून बाकावर टाकला आणि एक पिशवी पोटाशी धरून आणली. दुकानातल्या पिशव्या झाल्यावर कॅनव्हासच्या राहिल्या. त्या अधिक जड होत्या. मग मी मुम्मूंसमोर गेलो आणि त्यांच्या बुटांकडे पाहत म्हणालो, "तुम्हालाही आत बसावं लागेल. चालवताना बसता तशा."

"मला पण मोजणार?"

"हो."

"नाश्त्याला वेलदोड्याच्या निसू पावाचे दोन जाड तुकडे झालेत. आधीच सांगितलेलं बरं."

रॅम्प खाली घेऊन आम्ही त्यांना आत बसवले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर पाहिले, जणू समोर गॅरेजची भिंत नव्हती, रस्ता होता. मी गाडी मागून दोनतीनदा दाबली, सोडली, स्प्रिंगा स्थिर होऊ दिल्या. मग पडद्याकडे गेलो.

मागच्या दोन्ही चाकांचे आकडे लाल होते. थोडेथोडके नव्हे. चाके नुसती आत झुकली नव्हती, वजनाखाली तिरकीही वळली होती. दोघीजणी एकाच वाटेने चालताना एकमेकींकडे पाठ फिरवतात तशी. प्रत्येक मैल ती आतल्या कडेवर फरफटत गेली होती. आणि त्या गुळगुळीत कडांवर, पुढचा भाग हलका झालेला असताना, ओल्या वळणावर गाडी गवतात जाणार नाही तर कुठे जाणार?

गॉर्डी माझ्या खांद्यामागून पाहत होता. "मी दोन वेळा त्या पिशव्या उचलून परत ठेवल्यात," तो म्हणाला. "माझ्या पाठीला चांगली ओळख आहे त्यांची. डोक्याला झाली नाही."

जोलीन पडद्यासमोर आली. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण रंग वाचता येत होता. तिने एकदा लाल आकड्यांकडे पाहिले, एकदा गाडीत बसलेल्या आईकडे.

"आई, ही वाळू अजून गाडीत का आहे?"

मुम्मूंनी काच खाली केली. "म्हणजे?"

"बर्फ जाऊन महिना झाला. काढली का नाहीस?"

मुम्मू तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी पाहिले, कारण त्या क्षणी मी नजर वळवायला विसरलो. परीक्षेत पुस्तकात नसलेला प्रश्न आल्यावर मुलाचा चेहरा होतो तसा तो होता.

"काढायची असते?" त्या म्हणाल्या.

पत्र्यावर कुठेतरी पाणी ठिबकत होते. 

"भरायची असते हे मला ठाऊक आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "आर्व्हो दर ऑक्टोबरला भरायचा. मी दार धरायचे, कॉफी आणून द्यायचे. तो गेल्यावर ऑक्टोबर आला तसं मी डेनिसला म्हटलं, गाडी भरून दे बाबा. दर वर्षी भरून देतो बिचारा. पण काढताना..." त्या थांबल्या. "काढताना मी आर्व्होला कधी पाहिलं नाही, जोलीन. एवढ्या वर्षांत. मला वाटायचं ती तिथेच असते. पुढच्या वर्षी तो वरून थोडी आणखी घालतो."

"डेनिसला दिसल्या नाहीत का जुन्या पिशव्या?" गॉर्डीने विचारले.

"दिसल्या असतील. आर्व्होच्या हाताच्या गाठी आहेत त्या. तो हात लावेल का?"

जोलीन गाडीच्या मागे गेली. उघड्या दारातून वाकून तिने एका कॅनव्हासच्या पिशवीची गाठ बोटांनी चाचपली.  मग ती तशीच वाकलेली असताना बोलली.

"सौनाची वाट."

"काय?"

"घरापासून सौनापर्यंतची वाट, आई. दर वसंतात तिच्यावर नवी वाळू असायची. तू ईस्टरचे पाव भाजायला घ्यायचीस, दिवसभर तू भट्टीपाशी, आणि संध्याकाळी आम्ही अनवाणी गेलो की वाटेवर स्वच्छ, गार वाळू. मला वाटायचं सरोवर आणून टाकतं. बर्फ वितळला की सरोवर वर येतं आणि वाळू ठेवून जातं, असं मी वर्गातसुद्धा सांगितलं होतं. सगळे हसले होते." ती सरळ झाली. "बाबा गाडी रिकामी करत होते."

मुम्मूंचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. "मला सांगितलं नाही कधी," त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, घरातल्याच माणसाची एखादी खोली आपण कधी उघडलीच नव्हती हे उशिरा कळावे तसे. "काही सांगायचाच नाही तो. मला वाटायचं, मी विचारत नाही म्हणून."

"आणि त्यांना वाटत असेल, तुला माहीतच आहे," जोलीन म्हणाली.

माणसे एकाच घरात किती वर्षे राहतात, एकाच गाडीत बसून किती रस्ते काटतात, आणि तरी एकाला अर्धी गोष्ट ठाऊक असते, दुसऱ्याला उरलेली अर्धी. तिसरा कोणी दोन्ही अर्धुके हातात घेऊन येईपर्यंत ती जुळत नाहीत. हा विचार मला तेव्हा सुचला नाही. तेव्हा मी फक्त हातातले दोन नट एकमेकांवर घासत उभा होतो.

शेवटी गॉर्डीने खाकरून विचारले, "मग? काढायच्या का सगळ्या?"

"दुकानातल्या काढ," मुम्मू म्हणाल्या. "त्या डेनिसला परत देते." त्यांनी मागे वळून पाहिले, मानेला पुरेल तेवढे. "आर्व्होच्या त्या... घरी नेऊ. वाटेवर टाकू. दोन वसंत राहून गेलेत." आणि मग, माझ्याकडे पाहून, पूर्वी त्या छोट्या खिडकीतून बोलत तशा खालच्या आवाजात: "पण पोरा, एक ठेवली तर चालेल का? एकच. सगळी पाठ रिकामी झाली की मला गाडी ओळखू येणार नाही."

मी गॉर्डीकडे पाहिले. गॉर्डीने माझ्याकडे पाहिले आणि खांदे उडवले. "मला काय विचारतोस? आजपासून ही तुझी गाडी आहे."

"चालेल," मी म्हणालो. "एक ठेवा. पण मग ती कायम ठेवा, उन्हाळ्यातसुद्धा. मी तिच्यासकट जुळवतो. आणि तुमच्यासकट."

मागचे टायर दोन्ही नवे घातले. आर्व्होंची एक पिशवी मागे बरोबर मधोमध ठेवली. मुम्मू पुन्हा चालकाच्या जागी बसल्या, गॉर्डीने त्यांच्या हातात कॉफीचा कप दिला, आणि मी गाडीखाली गेलो. खालून गाडी वेगळी असते. तिथे तिला चेहरा नसतो. नुसते लोखंड, चिखल, गंज, आणि वर बसलेल्या माणसाचे वजन. मी बोल्ट केसभर फिरवायचो, बाहेर येऊन पडदा पाहायचो, पुन्हा खाली जायचो. वरून मुम्मूंचा आवाज येत होता. त्या जोलीनला वरचेवर काहीतरी विचारत होत्या: सौनाच्या वाटेवर वाळू किती जाड टाकायचा तो? घराकडून सुरुवात करायचा की सरोवराकडून? जोलीन आठवून आठवून सांगत होती. एकदा दोघी हसल्या. मी पाना हातात धरून क्षणभर थांबलो, उगाच, ते हसू संपेपर्यंत.

आकडे हिरवे झाले. या वेळी ते गाडीचे होते, त्या गाडीचे, जी खरोखर रस्त्यावर जाणार होती.

मी बाहेर आलो तेव्हा जोलीन रॅम्पच्या टोकाशी उभी होती, हाताची मूठ मिटलेली. "एक विचारू?" ती मला म्हणाली. "खरं सांग. ती वळणावर घसरली ते फक्त यामुळेच होतं?"

माझ्या जागी गॉर्डी असता तर चटकन हो म्हणाला असता. त्याचे मुम्मूवर प्रेम आहे. मी विचार केला.

"टायर तसे असते तर मीही घसरलो असतो," मी म्हणालो. "बाकीचं... बाकीचं मला गाडीवरून सांगता येत नाही. ते शेजारी बसूनच कळेल."

 मग तिने मूठ उघडली आणि खिडकीतून किल्ली आईच्या तळहातावर ठेवली.

"मी शेजारी बसते," ती म्हणाली. "मिस्करीच्या वळणावरून. मी काही बोलणार नाही."

"तू बोलशील," मुम्मू म्हणाल्या.

"बरं, बोलेन. आणि ऑक्टोबरच्या आधी आपण परत याबद्दल बोलणार आहोत, आई. कायमचं हो म्हटलेलं नाही मी."

"कायमचं कोण मागतंय?" मुम्मूंनी किल्ली फिरवली.

वॅगन मागे सरत बाहेर पडली, वळली, रस्त्याला लागली. आर्व्होंच्या उरलेल्या पिशव्या आम्ही गॉर्डीच्या ट्रकमध्ये चढवल्या; त्या तो संध्याकाळी नेऊन देणार होता. मी दारात उभा राहून गाडीची मागची चाके पाहत राहिलो. ती सरळ उभी होती. ओल्या रस्त्यावर तिच्यामागे चाकोऱ्या उमटत होत्या, आणि पुढच्या चाकांनी काढलेल्या रेषेवरच मागची चाके पाऊल ठेवत होती. कोपऱ्यावर मुम्मूंनी वेळेआधी वळण्याचा दिवा लावला, नको तितक्या आधी, आणि सावकाश वळल्या.

शनिवारी त्यांनी मला सौनाला बोलावले. गॉर्डीकरवी निरोप आला, म्हणजे नाही म्हणायला मला समोर कोणी नव्हते. मी गेलो. जोलीन ग्रीन बेला परतली होती, एकटीच. वॅगन अंगणात उभी होती, आणि मी दाराशी जाण्याआधी तिच्या मागे जाऊन उकिडवा बसलो. तळवा टायरवर आडवा फिरवला, बाहेरून आत, शेवटपर्यंत. इतक्या थोड्या दिवसांत कळण्यासारखे काही नव्हते. तरी फिरवला.

"आधी गाडीची विचारपूस, मग माणसांची," मुम्मू पायरीवरून म्हणाल्या. त्यांच्या खांद्यावर माझ्यासाठी टॉवेल होता. "झालं असेल तर बूट काढ. वाट बुटांनी तुडवायची नाही."

घराच्या पायरीपासून सौनाच्या दारापर्यंत आणि तिथून थेट पाण्यापर्यंत वाळू पसरली होती, काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी विरळ; पहिल्यांदाच टाकणाऱ्या हातांनी टाकलेली. मी बूट काढले. वाळू गार होती. पुढे मुम्मू चालत होत्या, आणि त्यांची पावले जिथे उमटत होती तिथेच मी माझी ठेवत गेलो.